झाकणाच्या आत लिहिलेली खोट

काका, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातला माईक चालला नाही. गुरुजींनी त्याच्यावर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, वायर हलवून पाहिली. भोंग्यातून नुसती घरघर. तेव्हा बसलेल्या सगळ्या माणसांनी सवयीनं मान वळवून दाराकडं पाहिलं, की येतीलच आता किसनराव पकड घेऊन. आणि मग लक्षात आलं की माईक दुरुस्त करणारा माणूस समोर टेबलावर फोटोत आहे, हार घालून. मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं.

मग गुरुजी बिनामाईकचे बोलले. तीस वर्षं वर्गावर ओरडलेला माणूस, त्यांना माईक तसाही कशाला लागतो. आधी तुमचा मनमिळाऊ स्वभाव झाला. मनमिळाऊ! गिऱ्हाइकानं "कधी देता?" एवढं विचारलं तर मोटर उचलून परत त्याच्या सायकलला बांधून देणारे तुम्ही! मग म्हणाले, "किसनरावांचं शिक्षण नव्हतं, पण हौस दांडगी. आता अभ्यासिकेतलं ते मशीन त्यांच्या हातानं बिघडलं, हे खरं. पण भावना चांगली होती."

सगळ्यांनी माना हलवल्या. काका, मीही हलवली. हे पहिल्याच पानावर लिहून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की सुजातानं गोड गोड लिहून ते झाकलं.

तुम्हाला आपली ओळख करून द्यायची गरज नाही. पण हा कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर लागणार आहे आणि तिथं बाहेरगावची पोरंही येतात, म्हणून थोडक्यात. देऊळघाटात किसनकाकांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की लोक त्यांच्याकडं आणायचे. ते जळालेली तार काढून नवी भरून द्यायचे. शिक्षण सातवी, तेही मराठी. मी त्यांच्या मागच्या गल्लीतली सुजाता. आमच्या गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट, बीएस्सी कॉम्प्युटर. बुलढाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवते. पहिली ग्रॅज्युएट हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगितलं. ज्याला टोचत असेल त्यानं पुढं वाचू नये.

बाबा मला कॉलेजात पाठवायला तयार नव्हते. तेव्हा त्यांना तुम्ही काय सांगितलंत, आठवतं? स्त्रीशिक्षण वगैरे काही नाही. म्हणालात, "जाऊ दे पोरीले. माह्या तारेच्या डब्यावरचं इंग्रजी कोणी वाचून देत नाई लेकाचं." बाबांना ते पटलं. बाकीच्या शहाण्यांची भाषणं पटली नव्हती.

निकाल लागला त्या दिवशी तुम्ही माझी मार्कशीट मागून नेलीत आणि दोन दिवसांनी पत्र्याची पाटी घेऊन आलात. मोटरींवर नंबर टाकायच्या तुमच्या त्या लाल ऑइलपेंटनं, मार्कशीटवरचं एकेक अक्षर पाहून पाहून, माझं नाव इंग्रजीत काढलं होतं. एस, यू, आणि मग जे उलटा. शेपूट उजवीकडं. मी म्हटलं, "काका, जे चुकला." तुम्ही पाटी लांब धरून पाहिली आणि म्हणालात, "तो तिकडं तोंड करून हाये. इकडं करून राह्यला त काय बिघडलं? माणूस तोच हाये ना?" पाटी आमच्या दारावर तुम्हीच ठोकली. पुढं मला तिची लाज वाटायची. कॉलेजातले लोक घरी येणार असले की मी तिच्यावर पडदा ओढायचे. हे तुम्ही पाहिलं होतं का, मला माहीत नाही. पाहिलं असणार. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

तुमच्या धंद्यातली एक रीत मात्र मला लहानपणापासून आवडायची, बाकी धंदा सगळा काळा आणि तेलकट. मोटर जळून आली की तुम्ही लगेच तार तोडत नसा. आधी जळालेल्या तारेचे आटे, म्हणजे वेढे, मोजायचात, काळे, चिकटलेले, एकेक करून. दुकानात कोणी घाई केली की तेच वाक्य, "जळेल मोजल्याबिगर तोडाचं नाई." नवी तार भरून झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगानं लिहायचं. आटे किती, तार कोणत्या नंबरची, आणि शेवटी "खोट". पाणी शिरलं, बेअरिंग, फेज गेला, जे काय असेल ते. पुढच्या वेळी मोटर उघडणाऱ्याला कळावं म्हणून. आणि तुम्हीच भरलेली मोटर तुमच्या चुकीनं जळून परत आली, तर तिथं लिहायचात, "खोट: किसन". गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही ते. झाकणाच्या आत कोण पाहतं? मी विचारलं होतं, "मंग लिहिता कशाले?" तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जसं काही मी विचारलं की आंघोळ कशाला करता.

तर मशीन.

अभ्यासिका म्हणजे विहाराला लागून असलेली खोली. पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, मोबाइलला रेंज खिडकीत उभं राहिलं तरच. मी विहाराच्या कमिटीला सुचवलं की जुन्या प्रश्नपत्रिका, नोट्स सगळं एका लहान कॉम्प्युटरवर ठेवू, पोरं आपापल्या मोबाइलवरून वायफायनं उघडतील, नेट नको. कमिटीनं विचारलं, सगळ्यात स्वस्त कोणता? मी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा तळहाताएवढा बोर्ड निवडला. ह्या प्रोसेसरची घडण कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, कोणीही बनवू शकतं, म्हणून स्वस्त. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं, तेही फुकट. दुसरंही कारण होतं, ते कमिटीला सांगितलं नाही. अख्ख्या तालुक्यात तो बोर्ड कोणाकडं नसणार, एवढं मला नक्की माहीत होतं.

तुम्ही तो हातात घेऊन उलटासुलटा केलात.

"हे त खारीएवढं हाये व. ह्याच्यात ते लिनक्स का काय ते मावते?"

"मावते काका."

"पंखा कुठी हाये?"

"याले पंखा नसते."

"मंग तापल्यावर वारा घालाले तू बसशीन काय पुठ्ठा घेऊन?"

पहिल्या दिवशी तो चालूच झाला नाही. लाल दिवा लागायचा आणि पडदा काळा. कंपनीच्या साइटवरची अर्धी माहिती चिनीत आणि उरलेली अशा इंग्रजीत, की चिनी बरी. फोरमवर विचारलं, तर कुठल्यातरी गोऱ्या देशातल्या एका शहाण्यानं उत्तर दिलं, "माझ्याकडं चालतं." तुझ्याकडं चालतं तर तुझी आरती करू का? आणि कॉलेजात तीन वर्षं लिनक्स शिकले ते काय? झेरॉक्स जर्नल, त्यावर सही. बोर्ड आतल्या आत काय पुटपुटतो ते पाहायचं तर तीन तारा लॅपटॉपला जोडाव्या लागतात, बोलायची, ऐकायची आणि अर्थिंगची, हेही मला पुस्तकाबाहेर कोणी दाखवलं नव्हतं. जोडल्या. काहीच नाही. दुपारभर मी बोलण्याचा वेग बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली.

तुम्ही दारात उभे राहून पाहत होता. "ह्याच्या बोलाच्या तारेले त्याची कोणती लावली?"

"बोलाचीच. बोलाले बोलाची."

"अव बह्याडे," तुम्ही म्हणालात, "तोंडाले तोंड लावलं त भांडण होईन. आयकन कोण? ह्याचं तोंड त्याच्या कानाले लाव."

लावलं. आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या, भराभरा. तुम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात आणि शेवटची ओळ येईपर्यंत हलला नाहीत. तो दिवस चांगला होता, काका. तेवढा एक देते तुम्हाला.

पुढचंही खरं तर तुम्हीच निभावलंत. ह्या प्रोसेसरसाठी तयार सॉफ्टवेअर बरंचसं मिळत नाही, मशीनवर ठेवून तिथल्या तिथं बनवून घ्यावं लागतं. एकेकाला सकाळ ते संध्याकाळ. बोर्ड तव्यासारखा तापायचा. तुम्ही जुन्या स्टॅबिलायझरमधली ॲल्युमिनियमची पट्टी कापून त्याच्यावर बसवलीत, तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून पेटी केलीत, भोकं पाडलीत, झाकण लावलंत. सगळं झाल्यावर शेवटी मी माझा एक प्रोग्राम लिहून टाकला. दर तासाला सगळ्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा बांधून बाजूला ठेवायचा, कोणी चुकून काही पुसलं तर हाताशी असावा म्हणून. त्याला नाव दिलं, सुजाता. गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट गावासाठी पहिला प्रोग्राम लिहिते, तर नाव काय शेजारणीचं देणार?

आमच्या घरी मशीन आठ दिवस चालवून पाहिलं. एकदाही अडकलं नाही. मग वाजतगाजत अभ्यासिकेत नेलं, माझा जुना लॅपटॉप त्या तीन तारांसकट तिथंच ठेवला, तुम्ही दुकानातली बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून जोडलंत, की लाइट गेली तरी पोरांचं अडू नये. आणि तिसऱ्या दिवशी अडकलं. पडदा तसाच, मोबाइलवर काही उघडेना. बंद करून चालू केलं की चालायचं, दोन-तीन दिवसांनी परत तेच.

इथून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही म्हणायचात करंट. जगातल्या कोणत्याही यंत्राचं काही बिघडलं की तुमचं एकच, "पयले करंट पाय." मी म्हणायचे, करंट चांगला आहे, कंपनीनं दिलेलं लिनक्सच जुनं आणि भिकार आहे. आणि अडकलं की मी काय करायचे? रविवारी बुलढाण्याहून येऊन मेमरी कार्ड पूर्ण पुसायचे, नवं लिनक्स भरायचे, त्यावर माझं तेच सामान, तोच प्रोग्राम. दोन दिवस चालायचं. मी म्हणायचे, बघा, नव्या लिनक्सनं फरक पडला.

तुमचा जीव तुटायचा ते पुसताना पाहून. "काऊन पुसून राह्यली व? मरताना ते काय बोललं ते त पाय. जळेल मोजल्याबिगर..."

आणि मी, पाच-सहा पोरं बसलेली असताना, म्हटलं, "काका, तुमाले एबीसीडी येत नाई. तुमी काय मोजसान त्याच्यात?"

तुम्ही म्हणालात, "हाव. येत नाई." पकड खिशात घातलीत आणि गेलात. पोरं हसली होती. मला बरं वाटलं होतं.

मग ती रविवारची बैठक. गुरुजींनी कमिटी बसवली. त्यांना मशीनच्या कोपऱ्यात मोठा टीव्ही लावायचा होता, मशीन अडकण्याची वाटच पाहत होते. म्हणाले, "मॅडम, तीन महिने झाले. बीएस्सी म्हणे. मंग शिकून काय उपयोग?"

काका, ते वाक्य मला कुठं लागलं ते तुम्हालाच कळलं असेल. आणि तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, उठून उभे राहिलात. "गुरुजी, तिले काऊन बोलता? खोट माह्या करंटात हाये. बॅटरी मी जोडली, वायरी माह्या. पोरीचं काम चोख हाये."

खोलीत सगळे तुमच्याकडं पाहायला लागले. आणि मी म्हटलं, "हो. मी सांगतच होते."

तीन महिने तुमच्याशी भांडत होते की करंट ठीक आहे. तीन महिने! एका दमात सगळं गिळून, हो, मी सांगतच होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि मिशीत हसलात. मला वाटलं, म्हाताऱ्याला शेवटी अक्कल आली, चूक कबूल केली. मी घरी जाऊन पोटभर जेवले.

त्यानंतर एका रविवारी तुम्ही आमच्या दारात आला होतात. संध्याकाळची वेळ, हातात पिशवी. "सुजे, एक दाखवाचं व्हतं तुले. पाच मिनिटं." मी दारातूनच म्हटलं, "पेपर तपासून राह्यली काका. मंग पाहू." पेपर नव्हते. मला तुमची ती करंटची रडकथा परत ऐकायची नव्हती. तुम्ही दारावरच्या पाटीवरची धूळ बोटानं पुसलीत, "बरं, मंग," म्हणालात, आणि गेलात. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही खरंच गेलात.

आता त्या पिशवीबद्दल.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी काकू आल्या. माझ्याकडं न बघता पिशवी ओट्यावर ठेवली. "तुह्यासाठी ठेवली व्हती त्यायनं. मले म्हणे, दुसऱ्या कोणाले देजो नको. गुरुजीले त बिलकुल नको." मग जाताना वळून म्हणाल्या, "काल तू मान हालवली. मी पाह्यलं." बस, एवढंच. काकूंचं बोलणं तुमच्यापेक्षा कमी आणि लागतं जास्त.

पिशवीत तुमची वाइंडिंगची लांबडी वही. समोरून मोटरींचे आटे. उलटी करून मागून उघडली तर इंग्रजी. लिहिलेलं नव्हतं, काढलेलं होतं, एकेक अक्षर, चित्रासारखं, कुठं एस लांब, कुठं ई ला चार दांड्या. दर आठवड्याला, मशीन पहिल्यांदा अडकलं की तुम्ही दुकान टाकून जायचात आणि लॅपटॉपच्या पडद्यावरच्या शेवटच्या ओळी कोणी बटण दाबायच्या आत उतरवून घ्यायचात. अकरा वेळा. जळालेले आटे मोजत होता तुम्ही, मी ते अकराही वेळा पुसत असताना. आणि प्रत्येक नोंदीखाली मराठीत, "लाइट व्हती. बॅटरी फुल. मीटर लावून पाह्यलं, पाच व्होल्ट चोख. पेटी गार."

म्हणजे करंट ठीक आहे हे तुम्हाला माझ्याआधी, मीटर लावून, माहीत होतं. "पयले करंट पाय" म्हणजे खोट करंटातच आहे असं नाही, आधी मोजून पाहा, एवढंच तुम्ही म्हणत होता. मी नुसतीच भांडत होते, तुम्ही मोजलं होतं.

मग मी ओळी वाचल्या. अकराही ठिकाणी एकच गोष्ट. सुजातानं मेमरी मागितली. मेमरी संपली. सुजाताला मारलं. लिनक्स असंच बोलतं, रागाविना, लोभाविना. माझा प्रोग्राम दर तासाला गठ्ठा बांधत होता आणि आदला गठ्ठा काढून टाकायची ओळ मी लिहिलीच नव्हती. गठ्ठे जात होते ते कार्डावर नाही, मशीनच्या चालू मेमरीत. तिसऱ्या दिवशी मेमरी गच्च, की सगळं ठप्प. बंद केलं की मेमरी रिकामी, म्हणून परत दोन दिवस चालायचं. कार्ड पुसून काही होत नव्हतं, कारण पुसलेल्या कार्डावर मी तीच चूक माझ्या हातानं पुन्हा भरत होते. लिनक्स भिकार नव्हतं. बोर्ड भिकार नव्हता. चिनी कंपनीही, जाऊ द्या, ती भिकार आहेच, पण ह्यात तिचा हात नव्हता.

आणि आमच्या घरी आठ दिवस का चाललं? कारण आमच्या गल्लीत लाइट रोज दोनदा जाते! दर वेळी मशीन आपोआप बंद होऊन, मेमरी रिकामी करून, परत चालू होत होतं. माझी चूक वीज जाण्यानं झाकली जात होती आणि मी ती माझी हुशारी समजत होते. तुम्ही बॅटरी जोडलीत, करंट एक क्षण तुटू दिला नाहीत, तेव्हा ती उघडी पडली. तुम्ही जेवढं काम चोख केलंत तेवढं माझं काम नासकं दिसायला लागलं. कॉलेजात हे मी पोरांना आता शिकवणार आहे, कोणाला आवडो न आवडो.

पण मला ज्याचा राग आहे ते वेगळंच. चौथ्या नोंदीपासून एका शब्दाखाली तुम्ही लाल रेघ ओढली आहे. पडद्यावर तो शब्द सरळ छापलेला असणार. तुमच्या वहीत त्यातला जे उलटा आहे. शेपूट उजवीकडं, आमच्या दारावर आहे तसा. इंग्रजीतला तो एकच शब्द तुमच्या हाताला पाठ होता.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. चौथ्या वेळीच कळलं होतं की मरताना हे मशीन दर वेळी माझं नाव घेतं. त्याच्यानंतर मी तुम्हाला एबीसीडीवरून बोलले, आणि तुम्ही "येत नाई" म्हणालात. त्याच्यानंतर तुम्ही बैठकीत उभे राहिलात आणि करंटावर आळ घेतलात. एकट्यानं सांगायला दारात आलात, मी हाकलून दिलं.

काका, हा मोठेपणा मला अजिबात आवडलेला नाही. कोणी मागितला होता तो? मी काय लहान पोर होते, मला गुरुजींपासून लपवायला? माझ्या तोंडावर, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, की सुजे, खोट तुझ्यात आहे. मी चिडले असते. आठ दिवस बोलले नसते. पण मी खरी ग्रॅज्युएट झाले असते त्या दिवशी. त्याऐवजी तुम्ही मला सांभाळलंत, आणि सांभाळलेल्या माणसासारखीच मी वागले. तुमच्या शोकसभेत मान हलवून मोकळी.

काल मी अभ्यासिकेत गेले. एक ओळ लिहिली, आदला गठ्ठा काढून टाक. एक ओळ, काका. तीन महिने, अकरा वेळा पुसलेलं कार्ड, आणि एक ओळ. मग पेटीतली धूळ काढावी म्हणून झाकण उघडलं. आतल्या बाजूला लाल रंगात तुमचं अक्षर होतं. बोर्ड, पाच व्होल्ट, बॅटरीची तारीख. आणि खाली,

खोट: किसन.

आयुष्यभर मोटरींच्या झाकणात खरं लिहिलंत. गिऱ्हाइकाला दिसणार नाही तरी लिहिलंत. अख्ख्या जन्मात एकच नोंद खोटी केलीत आणि ती माझ्यासाठी. पुढच्या वेळी ही पेटी उघडणाऱ्याला काय कळलं असतं? की किसन नावाच्या कोणाला वायर जोडता येत नव्हती. लाज वाटायला पाहिजे होती तुम्हाला.

मी तुमच्या दुकानातून पाना-पकडीच्या फळीवरचा तो लाल डबा आणला. ब्लेडनं तुमचं नाव खरवडत बसले तेव्हा गुरुजी आले, टीव्हीसाठी भिंत मोजायला.

"हे काय करून राह्यल्या मॅडम?"

"खोट दुरुस्त करून राह्यली. ती माही व्हती, काकांची नव्हती. उद्या इथी कागद लावणार हाये मी, सगळं लिहून. वहीचं पान बी."

गुरुजींनी टेप गुंडाळला. "आता कशाले? गेल्या माणसाले काय फरक पडते?"

"मले पडते. अन् बैठक बोलवा. त्याच लोकायची. तुमी सभेत बोलले ते तिथी मागं घ्या. माईकची गरज नाई, तुमचा आवाज पुरते."

ते टेप खिशात घालून निघाले. भिंतही मोजली नाही. बैठक रविवारी आहे.

खरवडून पत्रा चकाकायला लागला होता. ब्रशनं हळूहळू काढलं, रंग ओघळू न देता, जसं तुम्ही काढायचात. नाव इंग्रजीत काढलं, जे तुमच्यासारखा, शेपूट उजवीकडं. वाळेपर्यंत झाकण उघडं ठेवून बसले. आता जो कोणी ही पेटी पुढं कधी उघडेल त्याला वाचायला मिळेल,

खोट: सुजाता. करंट: चोख.